बोरखडीचा शटडाऊन

औरंगाबाद,
९ जानेवारी २००१

प्रिय नंदा,

सरपंचबाईंना नुसतं 'नंदा' लिहिलेलं चालतं का, मला माहीत नाही. जालन्याच्या शाळेत पाच वर्षं एका बाकावर बसलो, त्या जोरावर लिहिते आहे. तुमच्या ग्रामपंचायतीचा फोन बरेचदा लावला. एकदा कुणीतरी उचलला आणि "सरपंच झोपलेत" म्हणाला. भर दुपारी तू झोपली असशील असं वाटलं नाही, म्हणून हे पत्र.

काल मी तुमच्या शिवारात होते. वडीगोद्रीहून येताना बोरखडीच्या अलीकडे तुमचं सबस्टेशन लागतं, तिथे. मी वीज खात्याच्या टेस्टिंग विभागात आहे, हे तुला आठवत असेल. आमच्याकडे एक नवा कॅमेरा आला आहे. तो उजेड टिपत नाही, उष्णता टिपतो. तारा चालू असताना, खाली जमिनीवर उभं राहून त्यातून बघायचं. गार भाग निळा दिसतो, तापलेला पिवळा, फारच तापलेला पांढरा. तारेचा जोड सैल झाला किंवा गंजला की वीज जाताना तो तापतो. नुसत्या डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. मग एक दिवस जोड वितळतो आणि तार खाली येते, ती सगळ्यांना दिसते.

तुमच्या ट्रान्सफॉर्मरवरून निघणाऱ्या तीन तारांपैकी मधल्या तारेचा जोड धरणारा क्लॅम्प पांढरा आला आहे. शेजारचे दोन्ही निळे. तो तुटला तर ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे शिल्लक नाही. दुसरीकडून येईपर्यंत महिना सहज जातो, आणि तुमच्या गव्हाला आत्ता ओंब्या येताहेत, पाणी तुटून चालणार नाही.

उपाय साधा आहे. चार तास सगळं बंद करायचं, क्लॅम्प बदलायचा. पण मागच्या हंगामात असाच शटडाऊन घेतला तेव्हा तुमच्या गावकऱ्यांनी ऑपरेटर मच्छिंद्रला खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं होतं आणि वीज चालू होईपर्यंत चहा पाजत बसवलं होतं. त्यामुळे साहेब म्हणतात, ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र असेल तरच. ते तू देऊ शकशील का?

तुझी,
अरुंधती


ग्रामपंचायत कार्यालय, बोरखडी
ता. अंबड, जि. जालना
दि. १४/१/२००१

प्रति,
मा. अरुंधतीताई, इंजिनीअर

विषय : छायाचित्राबाबत

महोदया,

आपण आमच्या गावच्या वीज केंद्राचे छायाचित्र काढल्याचे समजून ग्रामस्थांस आनंद झाला. तथापि सदर छायाचित्रात सरपंच, उपसरपंच व सन्माननीय सदस्य यांचा समावेश नसल्याचे खेदाने नमूद करावे लागते. पुढील खेपेस पूर्वसूचना दिल्यास सर्वजण हजर राहतील. तसेच आपल्या यंत्रास उष्णता दिसते त्याअर्थी गारवाही दिसत असणार. सबब, आमच्या मोसंबीच्या बागेत बोअर कोठे घेतल्यास पाणी लागेल ते पाहून कळवावे. क्लॅम्पचे कामी चार तास वीज बंद ठेवण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही.

आपली विश्वासू,
सौ. नंदाबाई काकासाहेब गाढे, सरपंच

अरू, वरचं सगळं ह्यांनी सांगितलं अन मी लिहिलं. असंच चालतं. बाईची जागा निघाली म्हणून मी उभी राह्यले. सरपंचकी हेच करतात. फोनवर झोपलेले सरपंच म्हंजे हेच. 'हरकत नाही' ही ओळ मातर माझी. हे तंबाखू मळायला बाहेर गेल्ते तेवढ्यात घातली. परत आल्यावर म्हणले, "ही कुठून आली?" मी म्हणलं, "आली." त्यांनी शिक्का मारला.

गावाला मी सांगते. चार तासाचं लोक कुरकुर करतील, पण तुझं नाव सांगितलं की मला बोलायला धीर यील.

बोअरचं मनावर घेऊ नको. पाकिटात तिळगूळ हाय, पोस्टमननं ठेवला असंल तर.

नंदा


औरंगाबाद,
२५ जानेवारी २००१

प्रिय नंदा,

मंगळवारचा शटडाऊन ठरल्याप्रमाणे पार पडला. मधल्या तारेचा क्लॅम्प उघडून तपासण्यात आला व साफ करून पुन्हा आवळून बसवण्यात आला. आता त्याची स्थिती समाधानकारक आहे. गावाने केलेल्या सहकार्याबद्दल आमचं ऑफिस आभारी आहे.

घाईत तुला भेटता आलं नाही. तिळगूळ पोचला.

अरुंधती


बोरखडी,
३० जानेवारी

अरू,

तुझं पत्र वाचून वाटलं पोस्टमननं दुसऱ्याचं आणून दिलं. 'स्थिती समाधानकारक' म्हणे. शाळेत गणित चुकलं की तू असंच मोठं मोठं बोलायचीस, अन बाई तुला खाली बसवायच्या.

मी त्या दिवशी सबस्टेशनपाशी आले न्हाई, पण गाव आल्तं. आमचा उपसरपंच भुजंग चारी तास जाळीला नाक लावून उभा व्हता. त्यानं घरोघर सांगितलं की क्लॅम्प दुकानातून आत्ता आणल्यासारखा चकचकीत निघाला. मच्छिंद्र म्हणतो तो दिवाळीतच नवा बसवला. लोक मला इचारून राह्यलेत, मंग चार तास कशाचे गेले? मी म्हणलं, इचारून सांगते.

तर सरळ सांग. खराब व्हता का न्हवता? न्हवता तर न्हवता म्हण. मला कायतरी सांगावं लागंल, अन खोटं सांगायचं असलं तर ते तरी बराबर सांगता आलं पायजे.

बाकी इकडं सगळं बरं हाय. गव्हाचा दाणा चिकात येऊ लागलाय. मोसंबी फुलावर हाय.

नंदा


औरंगाबाद,
७ फेब्रुवारी २००१

प्रिय नंदा,

नव्हता खराब.

मी भर उन्हात फोटो काढला होता. क्लॅम्प नवा, आरशासारखा चमकत होता, आणि सूर्य नेमका त्याच्यात होता. हा कॅमेरा तापलेली वस्तू आणि चमकणाऱ्या वस्तूत दिसणारा सूर्य यांत फरक करत नाही. तो फरक माणसाने करायचा असतो. मला तसं शिकवलंही होतं. दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा बघायचं, एवढंच. पांढरा ठिपका हलला तर तो सूर्य. मी सरकले नाही. अंबडला जायची घाई होती, आणि खरं सांगायचं तर पहिल्याच महिन्यात एवढा मोठा दोष सापडला म्हणून मी खूश होते. म्हणजे सूर्य तापला आहे असा अहवाल मी दिला, आणि त्यासाठी तुझं गाव चार तास बंद ठेवलं.

ऑफिसात कुणी काही म्हणालं नाही. साहेबांनी फाइलवर 'दोष आढळला नाही' असं लिहून ती कपाटात टाकली. तुलाही मी तसंच गुंडाळून लिहिलं. तू विचारलं नसतंस तर तसंच राहिलं असतं.

सोमवारी परतूरकडून येताना मी गाडी पुन्हा तुमच्या सबस्टेशनला वळवली. दिवस मावळू दिला. शेतीच्या मोटारी चालू होत्या, म्हणजे तारांमधून भरपूर वीज जात होती. ती नसेल तर जोड तापतच नाही. मधला क्लॅम्प निळा होता, शेजाऱ्यांसारखाच. मला निघता आलं असतं. पण सगळ्या मांडणीवरून एकदा कॅमेरा फिरवला. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे लाइन तोडायचा मोठा खटका असतो. त्याचं तांब्याचं पातं एका जबड्यात बसतं. तिसऱ्या तारेचा तो जबडा पांढरा होता. मी डावीकडे गेले, उजवीकडे गेले, मागे जाऊन पाहिलं. ठिपका हलला नाही. मच्छिंद्रला बघायला दिलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, मी रोज ह्याच्याच खालून जातो ना?"

साहेब म्हणतात, एकदा हसं झालं तेवढं पुरे. गावाने आपणहून पत्र दिलं तरच दुसरा शटडाऊन, नाहीतर उन्हाळ्यात बघू. माझ्या अंदाजाने तो उन्हाळ्यापर्यंत टिकणार नाही. 'खात्री आहे' असं मी लिहीत नाही, कारण मागच्या वेळी मी तेच लिहिलं असतं. फोटोचा कागद सोबत पाठवते आहे.

मच्छिंद्रने आणखी एक सांगितलं. तुझ्यावर अविश्वास ठराव आणायचं चाललं आहे आणि त्याचं कारण तो शटडाऊन आहे. 'इकडं सगळं बरं हाय' असं तू लिहिलं होतंस. आपण दोघीही सारख्याच निघालो.

तू नाही म्हणालीस तरी मला समजेल.

अरुंधती


बोरखडी,
१५ फेब्रुवारी

अरू,

तुझा कागद आधी ह्यांना दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, मंग सुलटा धरला, अन म्हणले, "हे पत्र आलंच न्हाई असं समज." ठरावाच्या आधी भुजंगाच्या हातात कोलीत कशाला द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. ते चूक न्हवतं. मी दोन दिवस कागद डब्यात ठेवला. सकाळ-संध्याकाळ मोटारीचा आवाज जरा थांबला तर बंद पडली की काय म्हणून मी अंगणात यायचे. तिसऱ्या दिवशी दवंडी द्यायला लावली.

देवळापुढं सभा भरली. हे बोलायला उठले, तर मी म्हणलं, "आज मी बोलते." ते तसेच अर्धे उठलेले जरा वेळ राह्यले, मंग बसले.

मी म्हणलं, "मागच्या खेपेला चूक झाली. इंजिनीअरबाईनं सूर्याचा फोटो काढला अन मी त्याच्यावर सही केली. आता तिनं दिवस मावळल्यावर फोटो काढलाय. दुसऱ्या जागी खराबी हाय. परत चार तास लागतील."

कुणी हासलं न्हाई, ह्याचंच मला भ्या वाटलं.

रखमाजीबाबा सगळ्यांत म्हातारे, त्यांनी कागद मागून घेतला. डोळ्यांजवळ नेला. म्हणले, "ह्यात लाईट कुठं हाय?"

"लाईट न्हाई बाबा, गरमी हाय. ते पांढरं हाय ना, ते."

"मागच्या टायमाला बी पांढरंच व्हतं."

"व्हतं."

"मंग हे खरं कशावरून?"

मी म्हणलं, "न्हाई सांगता येत. ती इंजिनीअरबाई बी खात्री देत न्हाई."

भुजंग म्हणला, "वा. तिला खात्री न्हाई, तुम्हाला खात्री न्हाई, अन गहू आमचा चिकात."

मी म्हणलं, "मागच्या टायमाला तिला खात्री व्हती, तेव्हा काय झालं ते तुम्ही बघितलं. ह्या टायमाला तिनं चूक कबूल केली. हापिसात तिला कुणी जाब इचारला व्हता का? फाइल बंद झाल्ती. तरी ती परत आली अन परत बघून गेली. मला तेवढं पुरतं."

"आम्हाला न्हाई पुरत," भुजंग म्हणला. त्याच्या मागं त्याची माणसं बसल्ती. मला दिसून राह्यलं की मी पत्र दिलं तरी ही माणसं मच्छिंद्रची खुर्ची परत उचलून बाहेर आणतील. सहीचा कागद खुर्ची धरून ठेवत न्हाई.

मंग मी म्हणलं, "भुजंगभाऊ, तुम्हाला काय पायजे ते मला माहीत हाय. चार तास मला द्या. कुणी आडवं यायचं न्हाई. काम झालं की मी राजीनामा देते. ठराव आणायचा खर्चा बी वाचंल."

तो म्हणला, "काही निघालं न्हाई तर?"

"तरी देते."

"अन निघालं तर?"

"तरी देते."

हे चपलांकडं बघत बसल्ते. भुजंगानं मागं वळून आपल्या माणसांकडं बघितलं, मंग म्हणला, "शब्द?"

"शब्द."

तो म्हणला, "मंग आमच्याकडून चार काय, पाच तास घ्या."

पत्र सोबत हाय, शिक्क्यासकट. येत्या सोमवारी या. मी सबस्टेशनला येणार न्हाई. मी आले की लोक माझं तोंड बघत बसतील, अन बघायची वस्तू वर हाय.

ह्यांना जास्त लागलंय. पंचायत समितीच्या जीपमधली पुढची सीट जाणार.

नंदा


औरंगाबाद,
२० फेब्रुवारी २००१

प्रिय नंदा,

तुझं पत्र मिळालं. तुला थांबवायला वेळ नव्हता, आणि थांबवलं असतं तर शटडाऊन झाला नसता. म्हणून काल गेले आणि काम केलं.

निम्मं गाव जाळीबाहेर होतं. भुजंगरावांनी शब्दाप्रमाणे कुणाला आत येऊ दिलं नाही. स्वतः फाटकात उभे होते. वीज बंद केली, लाइन जमिनीशी जोडून घेतली आणि आमची माणसं वर चढली. खटका उघडायला गेली तर तिसऱ्या तारेचं पातं जबड्यातून निघेना. चिकटलं होतं. कानस लावून सोडवावं लागलं. खाली आणलं तेव्हा जबड्याची एक बाजू मेणबत्तीसारखी ओघळलेली होती. दुसरी बाजू काळी पडून तिला भेगा गेल्या होत्या. पकड अशी उरलीच नव्हती. सुपारीएवढ्या भागावर सगळं टेकलेलं होतं. मच्छिंद्रने तो तुकडा हातात घेतला आणि जमिनीवर बसला.

मला आनंद झाला, नंदा. मग लगेच लाज वाटली, की गावाचा ट्रान्सफॉर्मर जाता जाता राहिला आणि मी खूश होते आहे. पण झाला आनंद.

भुजंगरावांनी तो जबडा मागितला. उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे खरंच व्हतं."

मी म्हटलं, "हो."

"मंग आता त्या शब्दाचं काय करायचं?"

"ते नंदाला विचारा."

त्यांनी जबडा परत माझ्या हातात दिला. "बाई, शब्द म्हंजे शब्द असतो," म्हणाले. मला ते रागाने म्हणाले असं वाटलं नाही. अडकल्यासारखे वाटले.

नवा जबडा बसवून वेळेच्या आत वीज सोडली. संध्याकाळी थांबून पुन्हा पाहिलं. तिन्ही निळे.

ऑफिसात मी जानेवारीच्या चुकीचा अहवाल माझ्या नावाने दिला आहे. त्यावरून साहेबांनी मला मेमो दिला आणि विभागाला नियम केला: यापुढे कॅमेऱ्याची तपासणी दिवस मावळल्यावर, आणि एकाच जागेवरून नाही. नियमावर माझं नाव नाही. मेमोवर आहे.

आता माझं ऐक. राजीनामा देऊ नकोस. मी तहसीलदारांना पत्र लिहिते, जबड्याचा फोटो लावते. काय निघालं ते गावाने पाहिलं आहे. कुणी तुला शब्दाला धरणार नाही.

तुझी,
अरू


बोरखडी,
२५ मार्च

प्रिय अरू,

उत्तराला उशीर झाला. गहू काढायला आल्ता.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच राजीनामा गेल्ता. रखमाजीबाबा दोघा-तिघांना घेऊन घरी आल्ते, मागं घे म्हणले. मी त्यांना म्हणलं, "बाबा, आज मी शब्द फिरवला, तर पुढं कुणी बाई चार तास मागायला उभी राह्यली तर तिला कोण देईल?" बाबा म्हणले, "ते बी बराबर," अन चहा पिऊन गेले. मला वाटलं व्हतं अजून एकदा तरी आग्रह करतील.

मला वाईट वाटलं, हे तुला सांगते. खुर्चीचं न्हाई. ती सभा मला आवडल्ती. परत उभं राहून बोलायला मिळायचं न्हाई, त्याचं वाटलं.

जागा बाईचीच, म्हणून भुजंगाची बायको बेबीनंदा सरपंच झाली. भुजंग जीपमध्ये पुढं बसतो. पंचायतीचा फोन आता तो उचलतो. तुला काम पडलं तर त्याला सांग, तुझं तो ऐकंल. तुझं नाव काढलं की जरा गप होतो.

ह्यांनी बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकल्तं. मंग एका सकाळी बागेतून आले, हातपाय धुतले अन म्हणले, "मोटार बराबर चालून राह्यली." मी म्हणलं, "हां." तेवढंच. त्या दिवसापासून जेवायला वाढ म्हणतात, आधी नुसते येऊन बसायचे.

गावात आता कुणी त्या शटडाऊनचं काढत न्हाई. काढायचं काय? लाईट हाय तशी हाय. गव्हाला शेवटचं पाणी बसलं. मोसंबीची फळं बोराएवढी झालीत. काही झालंच न्हाई, त्याची गोष्ट कोण सांगंल?

मागच्या बाजारी वडीगोद्रीला गेल्ते. कडेला एक बाई वांगी घेऊन बसल्ती, तिकडं नदीच्या अंगाच्या गावाची. मी कुठली ते तिनं इचारलं, मी सांगितलं. ती म्हणली, "तुमच्याकडं लाईट हाय म्हणे." मी म्हणलं, हाय. तिच्या गावचा मोठा ट्रान्सफॉर्मर फेब्रुवारीच्या शेवटाला जळाला. तार तुटून पडल्ती म्हणे, कशानं ते कुणाला माहीत न्हाई. दुसरा अजून आला न्हाई. "तुमच्या गावाचं नशीब चांगलं, बाई," ती म्हणली.

मी तिला गव्हाचं इचारलं. तिनं नुसता हात हालवला.

मी तिची सगळी वांगी घेतली. घरी वांगी कुणालाच आवडत न्हाईत.

नंदा